थर्मोडायनॅमिक्स शिकायला बसताना: वर्गातलं समीकरण आणि प्रयोगशाळेतला बीकर

बीकरमध्ये १०० ग्रॅम पाणी घ्या, त्यात साधारण १० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, टाका आणि ढवळा. तापमान सात-आठ अंशांनी उतरतं, बीकर बाहेरून हाताला गार लागतो. आता वहीत लिहायचं: ही क्रिया उष्मादायी (उष्णता बाहेर देणारी) की उष्माग्राही (उष्णता आत घेणारी)? पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी हा प्रश्न विचारतो तेव्हा बरेच जण क्षणाचाही विचार न करता म्हणतात, "तापमान उतरलं, म्हणजे उष्णता गेली, म्हणजे उष्मादायी." उत्तर नेमकं उलटं आहे. सोऱ्याच्या स्फटिकातून आयन सुटे व्हायला ऊर्जा लागली, ती त्यांनी पाण्याकडून घेतली, म्हणून पाणी गार झालं. एका मोलमागे सुमारे ३५ किलोजूल उष्णता आत गेली. चिन्ह अधिक.

ही चूक बुद्धी कमी पडल्यामुळे होत नाही. खातं कुणाचं हे न ठरवताच जमाखर्च मांडायला घेतला की ती होते. रासायनिक ऊष्मागतिकी, म्हणजेच थर्मोडायनॅमिक्स, हा मुळात हिशेबाचा विषय आहे. त्यात अडकलेल्या मुलांना मी पुन्हा पुन्हा एकच सांगतो: वर्गात फळ्यावर जे जे चिन्ह येईल, ते प्रयोगशाळेत कशाने मोजतात हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नाही तोवर समीकरण पाठ झालेलं असतं, समजलेलं नसतं. खालच्या पायऱ्या याच धाग्याने लावल्या आहेत.

पहिल्या तासाआधी

गणिताची भीती मनात धरून येऊ नका, पण तीन गोष्टी हाताशी ठेवा. नैसर्गिक लॉग आणि त्याचे नियम. आलेखाचा चढ काढणं आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे काय हे कळणं. आणि आंशिक अवकलन, म्हणजे बाकीचं सगळं स्थिर धरून एकाच राशीचा परिणाम पाहणं. पहिल्या महिन्याला एवढं पुरतं.

एककांची शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून हवी. एन्थाल्पी (स्थिर दाबाला दिली-घेतली जाणारी उष्णता) किलोजूलमध्ये दिलेली असते, एन्ट्रॉपी (उष्णता भागिले तापमान अशी राशी, तिच्याबद्दल पुढे) जूलमध्ये. दोन्ही एकाच समीकरणात येतात आणि हजारचा फरक राहून जातो. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. फरक काढतानाच तेवढा सेल्सिअस चालतो, कारण दोन्हींतला एक अंश सारखाच असतो.

आधी सीमा, मग चिन्ह

कुठलंही उदाहरण सोडवण्याआधी कागदावर एक बंद रेघ काढा. रेघेच्या आत प्रणाली, बाहेर परिसर. सोऱ्याच्या प्रयोगात प्रणाली म्हणजे विरघळणारा सोरा, आणि पाणी, बीकर, थर्मामीटर हे सगळं परिसर. थर्मामीटर परिसरात बुडवलेला आहे! तो परिसराचं नुकसान दाखवतो, तेवढाच प्रणालीचा फायदा. म्हणूनच कॅलरीमीटरच्या, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्याच्या, हिशेबात 'अभिक्रियेची उष्णता' आणि 'पाण्याने घेतलेली उष्णता' यांच्यामध्ये एक उणे चिन्ह येतं. ते चिन्ह कुठून आलं हे ज्याला कळलं, त्याचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरा सापळा कार्याच्या चिन्हाचा आहे. रसायनशास्त्रात आज सर्रास असं लिहितात: डेल्टा यू = क्यू + डब्ल्यू. यात यू म्हणजे प्रणालीची अंतर्गत ऊर्जा, क्यू म्हणजे तिने घेतलेली उष्णता आणि डब्ल्यू म्हणजे प्रणालीवर झालेलं कार्य. वायू प्रसरण पावला तर ते उणे. भौतिकशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या अनेक पुस्तकांत, तसंच रसायनशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत, तेच समीकरण डेल्टा यू = क्यू − डब्ल्यू असं दिसतं, कारण तिथे डब्ल्यू म्हणजे प्रणालीने केलेलं कार्य. दोन्ही बरोबर आहेत. एका पुस्तकातलं समीकरण आणि दुसऱ्यातलं उदाहरण एकत्र केलं की उत्तर चुकतं. तुमच्या अभ्यासक्रमात कुठली पद्धत आहे ते पहिल्याच तासाला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तासाला बसताना

व्याख्यानात सगळं उतरवून घेण्याच्या नादात एक गोष्ट हमखास सुटते: अटी. 'स्थिर दाब', 'स्थिर तापमान', 'आदर्श वायू', 'फक्त प्रसरणाचं कार्य' हे शब्द शिक्षक तोंडाने बोलतात, फळ्यावर लिहितातच असं नाही. समीकरण चुकून उतरवलं तर पुस्तकात सापडतं, पण अट हरवली तर तुम्ही ते समीकरण भलत्या ठिकाणी लावता. म्हणून समीकरणाभोवती चौकट आखा आणि चौकटीच्या डोक्यावर त्याची अट लिहा.

त्याच दिवशी संध्याकाळी वही मिटून त्या समीकरणाची सिद्धता कोऱ्या कागदावर करून पाहा. अडलात तर कुठल्या ओळीवर अडलात ते महत्त्वाचं. बहुतेक वेळा त्या ओळीवर एखादी अट वापरलेली असते. मग एका वेगळ्या पानावर तीन रकाने ठेवा: चिन्ह, त्याचा साध्या मराठीत अर्थ, आणि ते कशाने मोजतात. एन्थाल्पीपुढे लिहा: स्थिर दाबाला दिली-घेतली जाणारी उष्णता, कप, थर्मामीटर, तराजू. गिब्ज ऊर्जेपुढे (ती काय ते पुढे येईल) व्होल्टमीटर येईल. एन्ट्रॉपीपुढे काय लिहायचं यावर तुम्ही बराच वेळ अडाल, आणि ते अडणं फार उपयोगाचं आहे.

वाट कोणतीही असो

यू, एच (एन्थाल्पी), एस (एन्ट्रॉपी), जी (गिब्ज ऊर्जा) ही अवस्थेवर अवलंबून असणारी फलनं आहेत: सुरुवात आणि शेवट ठरला की फरक ठरला, वाट कुठलीही घ्या. क्यू आणि डब्ल्यू तशी नाहीत. ती वाटेगणिक बदलतात. हे वाक्य ऐकायला कोरडं वाटतं, पण हेसचा नियम (अभिक्रिया एका पायरीत होवो की अनेक, एकूण उष्णता तीच) पूर्णपणे त्यावर उभा आहे. गंमत अशी की जर्मेन हेसने हा नियम १८४० मध्येच मांडला, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धांत सर्वमान्य होण्याआधी. मोजमापं पुढे होती, सिद्धांत मागून आला.

वर्गात बहुधा कार्बन मोनॉक्साइडचं उदाहरण येतं. कार्बन अर्धवट जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइड मिळवणं आणि त्याची उष्णता मोजणं जमत नाही, थोडा डायऑक्साइड होतोच. पण कार्बन पूर्ण जाळला तर उणे ३९३.५ किलोजूल, आणि कार्बन मोनॉक्साइड जाळला तर उणे २८३.०. दोन्ही नीट मोजता येतात. वजाबाकी करा: उणे ११०.५.

प्रयोगशाळेत याचं जुळं भावंड म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडचा प्रयोग. मॅग्नेशियमची फीत हवेत जळते तेव्हा डोळे दिपतात आणि पांढरा धूर निघतो. ती उष्णता कपात पकडता येत नाही. म्हणून फीत हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून एक मोजणी, ऑक्साइडची पूड आम्लात टाकून दुसरी. पहिलीचा आदर्श आकडा सुमारे उणे ४६७, दुसरीचा सुमारे उणे १५१. पाण्याच्या निर्मितीचे उणे २८५.८ पुस्तकातून घ्या. पहिलीतून दुसरी वजा करून पाण्याची भर घातली की उणे ६०२ च्या जवळ पोचता. मात्र आधी तिन्ही समीकरणं एकाखाली एक लिहून, दोन्हीकडे येणारे पदार्थ खोडून, हवं ते समीकरण उरतं का ते पाहा. त्यानंतरच आकडे. इथे हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे आसपास ज्योत नको.

एक प्रयोग जवळून: उदासिनीकरणाची उष्णता

आम्ल आणि अल्क मिसळल्यावर सुटणारी उष्णता मोजण्याचा हा प्रयोग अर्ध्या तासात उरकता येतो, म्हणूनच तो वाया जातो. सावकाश केला तर कॅलरीमीटरचं सगळं शास्त्र यात आहे. डोळ्यांवर चष्मा हवाच. एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात उडालं तर इजा होते.

थर्मोकोलचे दोन कप एकात एक घाला, वर झाकण, झाकणाला थर्मामीटरपुरतं आणि ढवळणीपुरतं छिद्र. आधी कपाची स्वतःची उष्माधारकता, म्हणजे त्याला एका अंशाने तापायला लागणारी उष्णता, काढायची. कपात ५० ग्रॅम गार पाणी घ्या, समजा २४.० अंश. कपही तेवढ्याच तापमानाला येऊ द्या. त्यात ४४.० अंशांचं ५० ग्रॅम कोमट पाणी ओता. कपाने काहीच घेतलं नसतं तर ३४.० दिसले असते. तुम्हाला ३३.७ दिसले असं धरू. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला ४.१८ जूल लागतात, म्हणून कोमट पाण्याने दिले ५० × ४.१८ × १०.३, म्हणजे सुमारे २१५३ जूल. गार पाण्याला मिळाले ५० × ४.१८ × ९.७, म्हणजे २०२७. मधले १२५ जूल कपाने, थर्मामीटरने घेतले. ते ९.७ अंशांनी तापले, म्हणून कपाची उष्माधारकता अंशाला सुमारे १३ जूल.

आता एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर कपात, आणि तितकंच सोडियम हायड्रॉक्साइड वेगळ्या बीकरमध्ये. दोन्हींचं तापमान सारखं होईपर्यंत थांबा. थांबायचा कंटाळा येतो, पण इथला अर्धा अंश उत्तरात सुमारे २ किलोजूलचा गोंधळ घालू शकतो. दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्यायला मिसळण्याआधीच सुरुवात करा. ठरलेल्या क्षणी, समजा तिसऱ्या मिनिटाला, झटकन ओता, झाकण लावा, ढवळा आणि पुढची सात-आठ मिनिटं वाचनं चालू ठेवा.

सर्वांत वर गेलेलं तापमान आणि सुरुवातीचं तापमान यांत ६.३ अंशांचा फरक आला असं समजा. १०० × ४.१८ × ६.३ म्हणजे २६३३ जूल, ०.०५ मोलने भागले की मोलला ५२.७ किलोजूल. २५ अंश सेल्सिअसला मान्य आकडा सुमारे ५५.८ आहे (कमी तापमानाला तो थोडा मोठा असतो, पुस्तकात ५७ च्या आसपासचाही दिसेल). इथे बहुतेक जर्नलांत 'मानवी चूक' असं लिहून प्रयोग संपतो. थांबा. कपाने घेतलेली उष्णता मिळवा: १२.९ × ६.३, म्हणजे ८१ जूल. आकडा ५४.३ झाला. आता तापमान आणि वेळ यांचा आलेख काढा. शिखरानंतरची उतरती रेघ सरळ मागे तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवा. कप थंड होत असताना जी उष्णता निसटत होती तिचा हिशेब या रेघेने लागतो. तिथे फरक ६.५ वाचता आला, तर कपासह एकूण २८०१ जूल, म्हणजे मोलला ५६.०.

५२.७ पासून ५६.० पर्यंतचा हा प्रवास मला या विषयातला सर्वांत शिकवणारा वाटतो. उरलेला फरक कुठे गेला हे शोधता येतं, आणि प्रत्येक जूलला एक पत्ता असतो. मात्र उत्तर ५६.०२ असं लिहू नका. तुमचा थर्मामीटर ०.१ अंशापर्यंत वाचता येत असेल, तर दोन वाचनांच्या वजाबाकीत ०.२ पर्यंत चूक बसते, म्हणजे ६.५ वर सुमारे ३ टक्के. '५६ अधिक-उणे २' हे प्रामाणिक उत्तर. चिन्ह विसरू नका: पाणी तापलं, म्हणून अभिक्रियेची एन्थाल्पी उणे.

व्हायवाला यावर एक प्रश्न ठरलेला: हायड्रोक्लोरिकऐवजी नायट्रिक आम्ल घेतलं तर? जवळपास तोच आकडा. दोन्ही तीव्र आम्लं पाण्यात पूर्ण सुटी झालेली असतात, खरी अभिक्रिया हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचीच.

बॉम्ब कॅलरीमीटर पुढच्या सत्रात भेटेल. तिथे आकारमान स्थिर असतं, म्हणून मोजली जाते ती अंतर्गत ऊर्जा, एन्थाल्पी नव्हे. प्रमाणीकरणाला बेंझोइक आम्ल वापरतात, ग्रॅममागे २६.४३ किलोजूल. वायूंचे मोल किती बदलले त्यावरून एन्थाल्पीकडे जाता येतं. बेंझोइक आम्लासाठी ही दुरुस्ती मोलला फक्त सव्वा किलोजूल आहे, तीही सुमारे ३२२७ मध्ये.

एन्ट्रॉपी: 'अव्यवस्था' हा शब्द जरा बाजूला ठेवा

पसारा पडलेल्या खोलीच्या उपमेने एन्ट्रॉपी समजल्यासारखी वाटते आणि उदाहरण सोडवताना काहीच हाती लागत नाही. क्लॉसियसने १८६५ मध्ये हे नाव दिलं तेव्हा त्याच्यापुढे उष्णता आणि तापमान यांचा भागाकार होता. तिथूनच सुरुवात करा.

एक मोल बर्फ वितळायला ६.०१ किलोजूल लागतात. २७३.१५ केल्विनला बर्फ आणि पाणी समतोलात असतात, बदल सहज उलट फिरवता येतो, म्हणून थेट भागता येतं: ६०१० भागिले २७३.१५, म्हणजे २२.० जूल प्रति केल्विन. आता हाच बर्फ १० अंश सेल्सिअसच्या खोलीत ठेवा. परिसराने ६०१० जूल २८३ केल्विनला गमावले, त्याची एन्ट्रॉपी २१.२ ने घटली. एकूण फायदा ०.८. बर्फ वितळतो. उणे १० अंशांना ठेवा: परिसराचं नुकसान ६०१० भागिले २६३.१५, म्हणजे २२.८. एकूण उणे ०.८. वितळत नाही. (बर्फ आणि पाण्याच्या उष्माधारकतेची बारीक दुरुस्ती इथे सोडली आहे.) दोन्ही वेळा उष्णता तीच होती. ती कुठल्या तापमानाच्या परिसरातून आली, यावर निकाल लागला.

हा हिशेब स्वतःच्या हाताने एकदा करा. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम काय म्हणतो ते मला तरी याहून कमी शब्दांत सांगता येत नाही. कणांची ऊर्जा किती प्रकारे वाटली जाऊ शकते हा बोल्ट्झमनचा दृष्टिकोन नंतर येईल, आणि तेव्हा तो अधिक नीट कळेल.

गिब्ज ऊर्जा आणि दोन जुने गोंधळ

दर वेळी परिसराची एन्ट्रॉपी वेगळी काढत बसणं कटकटीचं असतं. स्थिर तापमानाला आणि स्थिर दाबाला परिसराने दिलेली उष्णता म्हणजे प्रणालीचीच एन्थाल्पी, त्यामुळे सगळा हिशेब प्रणालीच्याच राशींत मांडता येतो: डेल्टा जी = डेल्टा एच − टी × डेल्टा एस. ही नवी ऊर्जा नाही. विश्वाच्या एन्ट्रॉपीचाच हिशेब, उणे टी ने गुणून.

पहिला गोंधळ वेगाचा. डेल्टा जी उणे म्हणजे क्रिया आपोआप होऊ शकते, लवकर होईल असं नाही. साध्या तापमानाला आणि दाबाला हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं मोलला सुमारे २.९ किलोजूलने फायद्याचं आहे, तरी हिरे आहेत तसेच राहतात.

दुसरा गोंधळ अधिक खोल: डेल्टा जी आणि प्रमाण डेल्टा जी, डोक्यावर शून्य असलेला. प्रमाण डेल्टा जी हा एका तापमानाला ठरलेला आकडा आहे, सगळे पदार्थ प्रमाण स्थितीत असतानाचा. साधा डेल्टा जी अभिक्रिया पुढे सरकते तसा बदलत जातो आणि समतोलाला शून्य होतो. संपृक्त द्रावणाच्या तळाशी सोरा शिल्लक आहे, तो विरघळतही नाही आणि वाढतही नाही. तिथे शून्य झालेला आहे तो साधा डेल्टा जी. प्रमाण डेल्टा जी शून्य असायचं काही कारण नाही; त्याच्यावरूनच तर समतोल स्थिरांक ठरतो.

गिब्ज ऊर्जा मोजायची असेल तर जस्त-तांब्याचा डॅनियल सेल जोडा. व्होल्टमीटर १.१० च्या आसपास दाखवतो. दोन इलेक्ट्रॉन, ९६४८५ कूलोम, १.१० व्होल्ट: गुणाकार सुमारे २१२ किलोजूल, पुढे उणे चिन्ह. तोच सेल तीन-चार तापमानांना मोजलात तर व्होल्टेज तापमानाबरोबर किती बदलतं त्यावरून एन्ट्रॉपी मिळते. तीन रकान्यांच्या पानावर जी जागा रिकामी होती ती आता भरता येईल.

पुन्हा सोरा

सुरुवातीच्या बीकरकडे परत येऊ. विरघळण्याची एन्थाल्पी उदासिनीकरणासारखीच कपातून काढता येते. आता तीच थर्मामीटरच्या दुसऱ्या वापरातून काढा, उष्णता न मोजता.

मापरेषा असलेल्या मोठ्या नळीत २० ग्रॅम सोरा आणि १५ मिलिलिटर पाणी घ्या, गरम पाण्यात धरून सगळा विरघळवा. द्रावणाचं आकारमान वाचा. पाण्याचं नव्हे, द्रावणाचं. ही चूक फार होते. मग बाहेर काढून ढवळत थंड होऊ द्या आणि पहिले स्फटिक चमकलेले दिसताच तापमान टिपा, साधारण ७० अंशांच्या आसपास. ढवळलं नाहीत तर द्रावण अतिसंपृक्त होऊन स्फटिक उशिरा दिसतात. ढवळायला काचकांडी घ्या, थर्मामीटर नको. पुन्हा ५ मिलिलिटर पाणी, पुन्हा गरम, पुन्हा थंड. अशी पाच वाचनं.

आकारमान २४ मिलिलिटर आलं तर ०.१९८ मोलची संहती ८.२५ मोलर. दोन आयन तयार होतात, म्हणून समतोल स्थिरांक तिचा वर्ग, ६८. त्याचा नैसर्गिक लॉग ४.२२. पाचही लॉग उभ्या अक्षावर, केल्विन तापमानाचे व्यस्त आडव्या अक्षावर. रेघ सरळ येते आणि तिचा चढ उणे असतो. तो उणे ८.३१४ ने गुणला (८.३१४ हा वायू स्थिरांक) की एन्थाल्पी, जूलमध्ये. आणि उभ्या अक्षावरच्या छेदाला ८.३१४ ने गुणलं की एन्ट्रॉपी. छेदासाठी रेघ आलेखाबाहेर दूरवर वाढवावी लागते, म्हणून एन्ट्रॉपीत चूक जास्त शिरते. कागद कमी पडला म्हणून आडवा अक्ष शून्यापासून सुरू नसेल, तर दिसणारा छेद हा खरा छेद नाही. तो रेघेच्या समीकरणातून काढा.

कपाचा आकडा आणि आलेखाचा आकडा शेजारी लिहा. ते सहसा तंतोतंत जुळत नाहीत. आठ मोलर द्रावणात आयन एकमेकांच्या इतके जवळ असतात की संहतीच्या जागी सक्रियता, म्हणजे प्रभावी संहती, वापरायला हवी होती. शिवाय दुसरी मोजणी पस्तीस ते सत्तर अंशांवर झाली, पहिली खोलीच्या तापमानाला. कपातल्या आकड्यात कुठली चूक कुठल्या दिशेने ढकलते, आलेखातल्या आकड्यात कुठली, हे जर्नलमध्ये आकड्यांखालीच लिहा. आणि दोन्हींपुढे अधिक चिन्ह आहे ना, तेही पाहा.